पाटीवर पाटी

ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाईला दुकानाच्या दारातच कोणी ऐकवावं, की या जागेत आजवर जो आला तो बुडाला, याहून वाईट जाहिरात मला माहीत नाही. माझ्या दुकानाची ही जाहिरात माझे घरमालक नानाच करायचे, रोज आणि फुकट.

दुकान बोदवडला, स्टेशनकडून बसस्टँडकडे जाणाऱ्या मेन रोडवर. मॅचिंग सेंटर. म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, लेस आणि कोपऱ्यात पिकोचं मशीन. साडीला फॉल लावून होईपर्यंत बायका थांबतात, आणि थांबलेली बाई नानांच्या तावडीतून सुटत नसे. ते दुकानासमोरच्या ओट्यावर बसलेले असायचे. पांढरा पायजमा, वर बंडी, खिशात सुपारी. सुरुवात नेहमी सायकलवाल्यापासून.

"इथी पह्यले सायकलवाला व्हता. भाड्यानं सायकली द्यायचा. हवा फुकट भरून द्यायचा. अर्धं गाव हवा भरायले यायचं, सायकल कोनी नेत नव्हतं. बुडाला."

मग सोनगीरचा घड्याळजी. तो धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. दुरुस्त केलेलं घड्याळ नीट चालतं का हे बघायला स्वतःच्या मनगटावर बांधायचा आणि ते बांधूनच लग्नाकार्याला जायचा. पंगतीत घड्याळाचा मालक शेजारी बसला की भांडण. "आन कधीबी इचारा, कसं काय चाललंय? तं म्हने, बठ्ठं बेस शे, नाना. म्हंजे समदं झकास. शेवटच्या दिवशी शटर ओढलं तवाबी म्हने, बठ्ठं बेस शे. बुडाला."

त्याच्यानंतर कॅसेटवाला. तो गाणी इतक्या मोठ्यानं लावायचा की लोक रस्त्यावर उभं राहून ऐकायचे आणि घरी जायचे. मग एसटीडीवाला. तो काचेच्या केबिनबाहेरून लोकांचं बोलणं ऐकायचा आणि बिल देताना सल्ला द्यायचा. सुनेशी बोलून बाहेर आलेल्या सासूला त्यानं एकदा सांगितलं, तुमचंच चुकतंय. "बुडाला."

"आणि आता ही बाई," असं म्हणून ते माझ्याकडे हात करायचे. गिऱ्हाईक हसायचं. मी मशीन चालवत राहायची.

मी सुरुवातीला चिडले होते. एकदा सरळ म्हणाले, "नाना, माझं दुकान चालू द्यायचंय की नाही?"

"चालनारच आहे. मी बुडालेल्यांचं सांगतो, चालनाऱ्यांचं काय सांगाचं त्याच्यात?"

जागा मागायला गेले होते तेव्हाची गोष्ट वेगळी नव्हती. नवऱ्याची जळगावची कंपनी बंद पडली होती आणि घर चालवायचं तर कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी माहेरची धुळ्याची, व्यापाऱ्याच्या घरातली नाही. तरी डिपॉझिटचं काय बोलायचं, भाडं किती उतरवायचं, सगळं पाठ करून गेले होते. नानांनी यातलं काहीच विचारलं नाही. सुपारी कातरत म्हणाले, "बुडाली तं काय करशीन?"

"घरी शिवणाचं मशीन आहे. ब्लाउज शिवीन."

"बरं. किल्ली अक्काकडून घे."

नंतर कळलं की माझ्या आधी तिघं-चौघं येऊन गेले होते. एकानं डिपॉझिट दुप्पट देऊ केलं होतं. पण त्या सगळ्यांनी या प्रश्नाला "आपण नाही बुडणार, नाना" असं उत्तर दिलं होतं, आणि नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

इमारत नानांच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून बांधलेली. त्या काळात या रस्त्यानं कापसाच्या गाड्या स्टेशनला जायच्या आणि गाडीवान सावलीला थांबतील म्हणून पुढे ओटा ठेवला, असं नाना सांगत. पुढे दोन गाळे, मागे राहायच्या खोल्यांची रांग, त्यात नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का. मुलगा सुरतला. एका गाळ्यात पहिल्यापासून पिठाची गिरणी. गिरणीला पाटी नव्हती. लागतही नाही, आवाज पुरतो. दुसरा गाळा माझा, आणि पाट्यांचा सगळा कारभार त्या गाळ्याच्या डोक्यावर.

नानांचा नियम असा, की जुनी पाटी उतरवायची नाही. नव्या माणसानं आपली पाटी तिच्यावर ठोकायची. आधी लाकडी पट्ट्या मारायच्या, मग त्यावर पत्रा. त्यामुळे शटरच्या वर एक जाडजूड पेटारा तयार झाला होता. मधल्या फटींत चिमण्या राहायच्या, आणि पावसाळ्यात आतून गंजाचं पाणी उतरून माझ्या शटरवर तपकिरी रेघा ओढायचं. याचं कारण विचारलं की दर वेळी नवं उत्तर. पेंटरला सांगितलं, भिंतीला ओल लागत नाही. गिरणीवाल्याला सांगितलं, गेलेल्या माणसाचं नाव काढू नये. मला सांगितलं, "चिमन्या कुठी जातीन?" चिमण्यांचा त्यांना एरवी मनस्वी राग होता. ओट्यावर बसलं की त्या बंडीवर घाण करायच्या.

माझी पाटी करायच्या दिवशी ते पेंटरच्या बाजूला उकिडवे बसले होते. दुकानाचं नाव, खाली "फॉल-पिको करून मिळेल", त्याखाली छोट्या अक्षरांत मी "फिक्स रेट" लिहायला सांगितलं होतं. मला घासाघीस येत नाही. वेळ जातो आणि डोकं उठतं. पेंटरनं "फि" काढला आणि नाना म्हणाले, "हे नाही."

"नाना, पाटी माझी आहे."

"तुहीच आहे. सोन्यानं मढव तिले. हे लिहू नको."

"का पण?"

"जागा खराब होते." आणि बोटानंच ओला "फि" पुसला. बोट बंडीला पुसलं. मागून अक्का ओरडल्या, कारण बंडी त्यांना धुवायची होती. मी वाद घातला नाही. फिक्स रेट पाटीवर नसला तरी तोंडानं सांगता येतो, असा माझा विचार होता.

तो विचार नानांनी टिकू दिला नाही. बाईनं भाव विचारला, मी सांगितला, बाई म्हणाली कमी करा, मी म्हणाले होणार नाही, की ओट्यावरून आवाज यायचा, "सोड ना वं काहीतरी. लांबून आली ती." बाई यावलची आहे की समोरच्या गल्लीतली हे त्यांना माहीत नसे. मालकच सोड म्हणतो म्हटल्यावर बाई अडून बसायची. मी सोडायची. वर्षभरात मी भाव आधीच थोडा चढवून सांगायला शिकले. नानांना ते कळलं होतं. पहिल्यांदा मी तसं केलं तेव्हा ओट्यावरून 'सोड' आलं नाही, नुसता सुपारी कातरल्याचा आवाज आला.

आणखी एक सवय. बाई साडी घेऊन आली आणि मी रुबिया कापडाचे चार तुकडे टाकले, की नाना उठून आत यायचे, दोन तुकडे आणि साडीचा पदर उचलायचे आणि बाईला रस्त्यावर घेऊन जायचे. भर रस्त्यात, उन्हात, रिक्षा हॉर्न वाजवतायत, आणि नाना पदरावर तुकडा ठेवून उभे. "ट्यूबखाली समदं एक दिसतं. उन्हात पाहा. हा मोरपंखी नाही, हा रामा आहे." ते बरोबर असायचे. केळीची शेती करणाऱ्या घरातल्या एक बाई तर "नाना आहेत का?" असं विचारूनच साडी पिशवीतून काढायच्या. एका कापूसवाल्याच्या मुलाला एवढे रंग कुठून कळतात, असं माझ्या मनात आलं होतं. पण दुकानात गर्दी असली की असले प्रश्न टिकत नाहीत.

मग रस्ता रुंद करायचं निघालं.

मोजणीचे साहेब आले, बरोबर टेप आणि ओळंबा घेतलेली माणसं. ओटे सगळ्यांचेच जाणार होते. ते रस्त्याच्या जागेत होते आणि त्याबद्दल कोणी फारसं भांडलं नाही. आमच्या भिंतीपाशी ओळंबा सोडला तर भिंत हद्दीच्या आत, पण वरच्या पाट्यांवरून सोडला तर पाट्या वीतभर बाहेर. साहेब तरुण होता, पण नीट बोलायचा.

"नाना, पाट्यांचं एवढं काढून घ्या. तुमच्या भिंतीला काही होत नाही."

"भिंत माही आहे. पाट्या माह्या नाहीत. ज्याच्या त्याच्या आहेत. त्याइले इचारा."

"ते कुठं आहेत?"

"बुडाले."

साहेब हसला. मी हसले नाही. कारण साहेब पुढे म्हणाला की तुम्ही नाही काढलं तर जेसीबी काढेल, आणि जेसीबीला वीतभर कळत नाही.

हे त्यानं धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. दोनच दिवसांत मी ते डोळ्यांनी पाहिलं. बसस्टँडकडच्या बाजूला चपलांचं दुकान होतं. त्याचा पुढे आलेला छज्जा जेसीबीनं ओढला, तर छज्ज्याबरोबर दर्शनी भिंतच आली. जुनं बांधकाम, विटा मातीत रचलेल्या. चपला रस्त्यावर, मालक त्या गोळा करतोय. आमची इमारत त्याच काळातली, आणि आमच्या विटांमध्येही मातीच होती. शटर बदलून घेताना मी भोक पाडलेलं पाहिलं होतं. भिंत गेली तर गाळा गेला. नानांच्या वयात ते पुन्हा बांधणार नाहीत आणि मुलगा सुरतहून येऊन जागा विकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लग्नसराई तोंडावर होती. माल भरलेला होता. मेन रोडवर दुसरा गाळा मला परवडला नसता.

मी नानांना रीतसर समजावलं. मुद्दे मांडले. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"तुही पाटी तू काढ," ते म्हणाले. "बाकीच्याइले हात लावाचा नाही."

"माझी काढून काय होणार? माझी पातळ आहे. खाली सायकलवाल्यापर्यंत सगळे बसलेत."

"बसू दे."

"नाना, माझं दुकान जाईल."

ते सुपारी कातरत राहिले. बुडाली तर काय करशील हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, आणि मी उत्तरही देऊन ठेवलं होतं. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. हट्टी म्हातारा असं म्हणून मी माल खोक्यांत भरायला घेतला.

जेसीबी गिरणीच्या पलीकडच्या घरापर्यंत आला त्या सकाळी नाना ओट्यावरच बसले होते. साहेबानं दोनदा सांगून पाहिलं. लोक जमले होते. आपल्याकडे जेसीबी चालताना बघायला माणसं कामं सोडून येतात. एवढ्यात माझ्या दुकानाच्या मागच्या दारातून अक्का आल्या. एका हातात हातोडी, एका हातात पक्कड. डोक्यावर पदर. अक्का सहसा पुढे येत नसत. काही हवं असलं तर मागून ओरडत.

"हे धरा," त्या नानांना म्हणाल्या.

नाना हलले नाहीत.

"समद्या गावाच्या पाट्या वाचता तुमी. आता किती दिवस झाकून ठेवसान? भिंतच राह्यली नाही तं झाकसान काय?"

"तू आत जाय."

"मी जाते. तुमी वर चढा. नाही तं मी चढते."

अक्कांचं वय आणि गुडघे बघता ती धमकी खरीच होती. नाना उठले. गिरणीवाल्यानं शिडी आणली. गिरणीवाला चढायला लागला तर नानांनी त्याला दंडाला धरून खाली घेतलं आणि स्वतः चढले. मी शिडी धरली. दुसरं कोणी धरेना, सगळ्यांना बघायचं होतं.

माझी पाटी आधी निघाली. मग एसटीडीची पिवळी, तिच्यावरची काळी अक्षरं अजून ठसठशीत. मग कॅसेटवाल्याची, एका कोपऱ्यात रंग उडालेली नटी. चिमण्यांची घरटी खाली पडली, गवत आणि पिसं माझ्या डोक्यावर. लोक प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे आणि कोणीतरी नानांच्याच आवाजात म्हणायचं, "बुडाला!" हशा पिकायचा. घड्याळजीच्या पाटीवर हात-हातभर काट्यांचं घड्याळ काढलेलं होतं. सगळ्यात शेवटी सायकलवाल्याची, नुसता गंज. तिचे खिळे निघेनात. नाना पक्कड घेऊन बराच वेळ ओढत होते. लोकांना वाटलं दमले. शिडी धरून मीही तेच समजले.

पाटी निघाली. खाली चुन्याच्या भिंतीवर निळ्या रंगात नानांचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली "रेडीमेड स्टोअर्स". त्याखाली नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत "एकच भाव".

हशा थांबला. अर्ध्या लोकांना काय झालं ते कळलंच नव्हतं. एक कॉलेजचा पोरगा मागून ओरडला, "नाना, हा कोन? याचं काय झालं?"

नाना शिडीवर होते, तोंड भिंतीकडे. ते वळले नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बुडाला."

अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मले लग्नात इथलंच पोलकं घातलं व्हतं. तयार. बाहीत हात जाइना." थोड्या वेळानं म्हणाल्या, "गिऱ्हाईक कमी करा म्हने, हे पाटीकडं बोट दाखवत. गिऱ्हाईक वाचे आन जाय. यांचा बाप म्हने, चार आने सोड. हे म्हनत, लिहिलं ते लिहिलं."

साहेबानं भिंतीवरून ओळंबा सोडला. दोन बोटं आत. त्यानं हात हलवला आणि जेसीबी भिंतीला न लागता आमचा ओटा तेवढा उचलून पुढे गेला.

संध्याकाळी पाटी लावायची होती. आता हद्दीमुळे एकच पाटी बसणार होती, थेट भिंतीवर. मी सुतार बोलावला. तो म्हणाला, चुना मारून घेऊ का आधी, हे नाव निघून जाईल. मी नानांकडे बघितलं. ते खाली पडलेल्या पाट्या एकावर एक रचत होते.

"नियम काय आहे?" ते म्हणाले. "काढाचं नाही. वर ठोकाचं."

सुतारानं माझी पाटी त्यांच्या नावावर ठेवली. पहिला खिळा धरला तेव्हा नाना म्हणाले, "थोडा खाली घे रे. 'भाव'वर येऊ राह्यला." त्यानं खाली घेतला.

बाकीच्या पाट्या त्यांनी ट्रॅक्टरमध्ये टाकून शेतात नेल्या. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर आज तोच पत्रा आहे. एसटीडी, कॅसेट, घड्याळ, सायकल. कापूस वेचणाऱ्या बायका दुपारी त्याखाली जेवायला बसतात.

ओटा गेल्यामुळे नाना त्यानंतर माझ्या दुकानात स्टुलावर बसू लागले. बायकांना अडचण व्हायची, पण तक्रार कोणी केली नाही. गोष्टीही तशाच चालू राहिल्या. मला वाटलं होतं आता सुरुवात बदलेल. नाही बदलली. सायकलवाल्यापासूनच सुरू करायचे. फक्त अधूनमधून एखादी चौकस बाई विचारायची, "आन त्याच्या आधी?" मग नाना सुपारी तोंडात टाकायचे, म्हणजे बोलता येऊ नये.

ते गेले त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. आजार फार नव्हता. मुलगा सुरतहून आला, अक्कांना न्यायला. त्या गेल्या नाहीत. जागा विकायचं त्यानं काढलं तर त्यांनी मागून ओरडून सांगितलं की मी आहे तोवर नाही. त्या आहेत. स्टूल मी मशीनच्या मागे सरकवलं आहे. त्यावर अस्तराचे तागे ठेवते. जागा वाया घालवून चालत नाही.

परवा एक नवी सून आली होती, बोलायला चटपटीत. रामा रंगाचा तुकडा तिनं स्वतःच बाहेर उन्हात नेऊन बघितला. हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे, सासूनं सांगितलं असेल. परत येऊन भाव विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं फिक्स रेट आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "फिक्स रेटवाले इथं एक होते. बुडाले."

आणि दहा रुपये सोडले.